स्क्रूखालचा उजेड

आइस्क्रीम लगेच पातळ होऊ नये म्हणून त्यात एक डिंक घालतात. तो झाडाचा नसतो. तो जंतूंकडून मिळतो.

०

डाळिंब छाटणाऱ्या टोळीत नवी बाई आली की मुकादम तिच्या हातात छाटणीची कात्री देते. दोन पात्यांमधला स्क्रू स्वतःच्या हाताने आवळते आणि त्यावर तेलात कालवलेला भंडारा लावते. तो स्क्रू पुन्हा सोडायचा नाही. जिने सोडला तिने टोळी सोडली.

०

दाट विणीची काळी घोंगडी भर दुपारी डोक्यावरून घेतली तर आत स्वतःचा हातही दिसत नाही.

०

टोळीतली छबू म्हणाली, नवरा बदलीन पण कात्री बदलणार नाही. नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, कात्रीला एकदा विचारून तरी बघ.

०

अधिक आणि उणे एकमेकांकडे ओढले जातात. हे शाळेत शिकवतात आणि शाळेतच विसरून जातात.

०

डाळिंबाची छाटणी करणारं यंत्र २०४१ साली बाजारात आलं. पुढच्या वर्षी ते सोसायटीच्या गोदामात होतं. त्याच्या हातात काटे अडकत.

०

कच्छहून आलेला निरोप: मालनबेनची टोळी येईपर्यंत आम्ही बागेचं पाणी तोडून बसतो. दुसरी कुणी नको.

०

मालनबेन म्हणजे मालन सरगर. गाव मेटकरवाडी, सांगोल्यापासून माण नदीच्या कडेने थोडं आत. वय साठीच्या अलीकडे, आवाज पलीकडच्या बांधावर पोचणारा. तिच्यासकट बावीस बायकांच्या टोळीची ती मुकादम. गावात तिला सगळे आक्का म्हणतात. तिच्याहून वडीलधारेही म्हणतात.

ही टोळी नावाजली ती एका सवयीमुळे. डाळिंबाला तेल्या नावाचा रोग पडतो. आधी पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग दिसतो, मग फळावर येतो, मग फळ उकलतं. एका झाडावरचा तेल्या दुसऱ्यावर जायला वारा लागतो, पाऊस लागतो, नाहीतर छाटणीची कात्री. म्हणून एक झाड संपलं की पाती औषधात बुडवायची आणि मगच पुढच्या झाडाला हात लावायचा. हे सगळ्याच टोळ्यांना ठाऊक असतं. मालक चहाला गेला की सगळ्याच टोळ्या ते विसरतात. मालनची टोळी विसरत नसे. प्रत्येकीच्या कमरेला औषधाचा डबा असे. डब्यात पाती बुडल्याचा आवाज मालनला दोन ओळी पलीकडून ऐकू यायचा आणि आला नाही तर ती त्या बाईचं नाव घ्यायची. फक्त नाव. पुढे काही बोलावं लागत नसे.

कितीतरी हंगाम तिची टोळी ज्या बागेत शिरली त्या बागेत तेल्या आला नव्हता.

त्या वर्षी भाद्रपदात तो आला. मेटकरवाडीच्या तीन बागांत एकदम आला. हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाची फुलं, धरायचा म्हणून बागा ताणावर होत्या, पाणी तोडलेलं होतं, दसऱ्यानंतर छाटणी सुरू व्हायची होती. तिथे उरल्यासुरल्या पानांवर डाग दिसले.

०

बागाईतदार संघाचे चेअरमन विश्वासराव येलपले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी सोलापूरच्या प्रयोगशाळेला कळवलं आणि प्रयोगशाळेने आरोही हाके हिला पाठवलं.

आरोही मालनच्या भावाची मुलगी. हायस्कूलची सगळी वर्षं ती मालनच्या घरी राहून शिकली होती. मालन छाटणीला जाईल तिथे सांगायची की आमची भाची कण बनवते. ऐकणारा विचारायचा, कसले कण? मालन म्हणायची, ते डोळ्यांनी दिसत असते तर तिला एवढं शिकवलं कशाला असतं.

आरोही जीपमधून उतरली तेव्हा तिच्या हातात एक बाटली आणि जांभळ्या उजेडाची एक बॅटरी होती. अंधार करायला काही हवं होतं. मालनने घरातली घोंगडी आणून दिली.

०

कण.

माणसाच्या केसाच्या जाडीत असे कण हजाराच्या वर शेजारी शेजारी बसतील. जंतू त्यांच्यापुढे हत्ती. जंतूच्या कातडीवर उणे भार असतो, म्हणून अधिक भाराचा कण तिला जाऊन चिकटतो. हे जुनं ज्ञान आहे. अडचण वेगळी होती. तेल्याचा जंतू उघड्यावर राहत नाही. तो आणि त्याचे लाखो भाऊबंद अंगातून चिकट डिंक सोडतात आणि त्याच्या आत वस्ती करतात. आइस्क्रीममधला डिंक याच घराण्यातला. औषध वरच्यांना मारतं, आतल्यांपर्यंत पोचत नाही. अधिक भाराचे कणही वाटेतच डिंकाला चिकटून बसत, कारण डिंकावरही उणेच भार असतो.

आरोहीने कणाला एक अंगरखा घातला. अंगरख्यावर अधिकही नाही, उणेही नाही. असा कण कुठे न चिकटता डिंकाच्या जाळीतून आत सरकतो. वस्तीच्या आत किंचित आंबटपणा असतो, कारण जंतू खातात आणि आम्ल सोडतात. त्या आंबटात अंगरखा विरघळतो. खालून अधिक भाराचं अंग उघडं पडतं आणि त्यावरची एक साखरेची खूणही. ती खूण तेल्याच्याच जंतूला लागू पडते, दुसऱ्याला नाही. कण जंतूला बिलगतो आणि मगच उजळतो. जांभळ्या प्रकाशात हिरवा.

उजेड दिसला तर तिथे तेल्या आहे. दिसला नाही तर नाही.

०

पहिल्या दिवशी माणसं घोंगडीखाली डोकी घालून पानं बघत होती. जी पानं वरून निरोगी होती त्यांवरही हिरवे ठिपके निघाले. दुसऱ्या दिवशी एकाने आरोहीकडे बाटलीतलं कणांचं थोडं पाणी मागितलं, शेजाऱ्याच्या बांधावरचं झाड तपासायला. तिसऱ्याला नर्सरीवाल्याची रोपं तपासायची होती. एकाला जावयाचे बूट तपासायचे होते, कारण जावई गेल्या महिन्यात बागेतून हिंडून गेला होता. बूट मागितल्यापासून जावई फोन उचलत नव्हता. कणांनी जंतू दाखवले होते. माणसं त्यात माणूस शोधायला लागली.

माणूस सापडायला वेळ लागला नाही. जतची एक छाटणीची टोळी गेल्या हंगामात याच वाटेने गेली होती आणि नदीकाठी उतरली होती. कानडी बोलणाऱ्या बायका, गौरव्वा नावाची मुकादम. तिची माणसं औषध वापरत नाहीत असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हटलं ते नंतर कुणालाच आठवेना, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. अण्णांनी ठरवलं की खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, देवळासमोर ठराव करायचा: माणकाठच्या एकाही गावाने जतच्या टोळीला बागेत घ्यायचं नाही.

नियम म्हणून मालनच्या टोळीच्या कात्र्याही तपासल्या. पात्यांवर थेंब टाकले, घोंगडी ओढली. बावीसच्या बावीस काळ्या. एकही ठिपका नाही. अण्णांनी स्वतः टाळी वाजवली. मालनने पदर सावरला आणि टाळ्या पुऱ्या होईपर्यंत थांबली. आपल्याला आवडतंय हे तिने लपवलं नाही.

आरोहीने टाळी वाजवली नाही.

०

घरी आल्यावर ती म्हणाली, "आत्या, पातं सपाट असतं. रोज औषधात बुडतं. तिथं कोण घर बांधंल? मला स्क्रूच्या खाली बघायचंय."

"स्क्रू सोडायचा न्हाय."

"एकदाच."

"माझ्या सासूनं आवळलाय त्यो, ती मुकादम व्हती तवा. ती जाऊन किती वरसं झाली. अजून तसूभर हलला न्हाय."

"म्हणूनच म्हणतीय," आरोही म्हणाली.

यावर मालन जे बोलली ते बरंच होतं. इथे राहून भाकरी खाल्ली तेव्हा कात्री चांगली होती. बावीस घरं त्या स्क्रूवर उभी आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचं शिक्षण घेतलं की दिसणाऱ्या माणसांची किंमत राहत नाही. आरोही जेवली, ताट धुतलं आणि सोलापूरला निघून गेली. बाटली आणि बॅटरी कोनाड्यात राहिली. विसरली की ठेवली, हे तिने नंतरही सांगितलं नाही.

०

मालनने स्क्रू सोडला नाही.

दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. ती कात्री मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या मनात साधा विचार आला. पोरगी म्हणते तेवढा जर तो कण बारीक असेल तर त्याच्यासाठी दार उघडायची गरज काय? जाईल की आपला आपण. तिने कोनाड्यातल्या बाटलीतला एक थेंब स्क्रूच्या कडेला सोडला. थेंब क्षणभर थांबला आणि फटीत ओढला गेला. मग तिने चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, तवा उतरवला. नंतर घोंगडी डोक्यावर घेतली आणि बॅटरी लावली.

स्क्रूभोवती हिरवं कडं होतं. नथीएवढं.

घोंगडीखाली उकडत होतं तरी ती बाहेर आली नाही. आधी तिला आरोहीचा राग आला. मग स्वतःच्या डब्याचा, त्यातल्या औषधाचा. इतक्या वर्षांत औषधाने वरचे वरचे मारले होते आणि जो जास्त चिकट, जास्त खोल दडणारा, त्याला राखून ठेवलं होतं. तिच्याच शिस्तीने तो निवडला होता. स्क्रूखाली झाडाचा चीक, तेल, धूळ यांचा थर, आणि त्या थरात तो बहारामागून बहार बसून होता. कात्री उघडली मिटली की कणभर चीक पात्यावर येत असणार. पातं बुडायचं, पण त्याआधी एखादी फांदी कापली जायची. आणि त्या तिन्ही बागा गेल्या हंगामात तिच्याच टोळीने छाटल्या होत्या.

हे फक्त तिला ठाऊक होतं. फडक्याने कडं पुसता आलं असतं. परवा ठराव झाला असता, जतचं नाव लागलं असतं, आणि मालनबेनची वाट बघत कच्छमध्ये बागा ताणावर राहिल्या असत्या. आणि टोळी दसऱ्यानंतर त्याच कात्र्या घेऊन पुढच्या बागेत शिरली असती.

तिने आरोहीला फोन लावला. भांडण मिटवायचे दोन शब्दही न बोलता विचारलं, हे उघडल्यावर साफ होतं का. आरोही म्हणाली, होतं, दुसरी बाटली आहे. मग म्हणाली, "आत्या, किती हिरवं दिसलं?"

"दिसलं तेवढं पुरं हाय," मालन म्हणाली. "परवा ये. ती दुसरी बाटली आण."

०

खंडेनवमी. बिरोबाच्या देवळासमोरचं पटांगण. अंथरलेल्या घोंगडीवर बावीस कात्र्या, झेंडूची फुलं, परातीत भंडारा. बाजूला फवारणीचे ड्रोनही मांडले होते, त्यांच्या पंखांनाही पिवळे टिळे. गावातले निम्मे बागाईतदार आणि टोळीतल्या सगळ्या बायका. आरोही मागे, लिंबाला टेकून.

अण्णा ठराव वाचायला उभे राहिले. जतच्या टोळीचं नाव आलं तिथे मालन उठली.

"अण्णा, थांबा. तेल्या जतनं आणला न्हाय. आमी आणलाय."

अण्णांना वाटलं तिला काहीतरी वेगळं म्हणायचं असेल. ते समजावणीच्या सुरात म्हणाले की तुमच्या कात्र्या सगळ्यांनी बघितल्यात. मालन म्हणाली, पाती बघितलीत. मग तिने ओच्यातून पाना काढला आणि स्वतःची कात्री उचलली.

टोळीतल्या बायका एकदम उभ्या राहिल्या. पाना कशासाठी असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रेश्मा मुलाणी, टोळीतली सगळ्यात नवी, पुढे आली आणि मालनचा हात धरला. आक्का, तुम्ही सोडला तर आम्ही कुणाच्या, असं ती हळू म्हणाली. मालनने तिच्या हातात कात्रीची मूठ दिली आणि सांगितलं, घट्ट धर, गंजलाय.

स्क्रू हलेना. मालनने पाना दोन्ही हातांनी रेटला.

छबू म्हणाली, "आक्का, सासूबाई सोडंनात व्हय?"

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. मालनही हसली, आणि हसता हसताच स्क्रू सुटला.

पाती वेगळी झाली. मधे करडा, खरकटल्यासारखा थर होता. आरोहीने थेंब टाकला. मालनने अण्णांना बोलावलं आणि बॅटरी हातात देऊन घरून आणलेली घोंगडी त्यांच्या डोक्यावर टाकली. अण्णा आत बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा हातातला कागद त्यांनी चौघडी घालून खिशात ठेवला होता.

आता काय होणार ते कुणालाच कळत नव्हतं. अण्णांनी छबूला विचारलं की तुमच्यापण अशाच का? ती म्हणाली, बघितल्याशिवाय कसं कळंल. तिने मालनच्या हातातला पाना घेतला आणि आपली कात्री उघडली. तिच्यानंतर रेश्माने. तिच्यानंतर पुढची. कुणी सांगितलं नाही, कुणी ओळ लावली नाही. पाना हातोहात फिरत राहिला. घोंगडीवर पाती एकीकडे आणि स्क्रू एकीकडे साठत गेले. टोळीच्या नियमाने त्या सकाळी बावीसही बायकांनी टोळी सोडली, आणि एकही जागची हलली नाही.

शेजारच्या गावचा एक पोक्त बागाईतदार आरोहीला विचारत होता, ती मुकादम कोण, तुमच्या ओळखीची का?

"माझी आत्या आहे," आरोही म्हणाली. एवढं बोलून तिचं समाधान झालं नाही म्हणून पुढे म्हणाली, "सख्खी."

एकाने मागून विचारलं की देवळातलं तांब्याचं घंगाळ वापरलं तर? तांब्यात जंतू मरतात म्हणे. आरोहीने हसण्यावारी नेलं नाही. तांब्यात मरतात, पण सावकाश, आणि डिंकाच्या आतले त्याहून सावकाश, असं तिने सांगितलं. मग दुसरी बाटली उघडली.

०

कण, दुसरा.

अंगरखा तोच. आतला गाभा जस्ताचा. तो वस्तीत शिरतो, अंगरखा टाकतो, जंतूला बिलगतो. इथवर पहिल्यासारखंच. पण हा उजळत नाही. जंतूची कातडी म्हणजे स्निग्ध रेणूंची दोन पदरी चादर. शेकडो कण एकाच जागी चिकटले की चादर तिथे ओढली जाते, विरते, तिला भोकं पडतात. आतलं बाहेर गळतं आणि बाहेरून जस्त आत शिरतं. जंतूची सगळी कामं थांबतात. नेहमीच्या औषधाशी जंतू कालांतराने जुळवून घेतो. फाटलेल्या कातडीशी जुळवून घेणं त्याला जड जातं. अशक्य असं आरोही म्हणत नाही. जड, एवढंच.

दोन्ही कणांच्या मधे त्या दिवशी फक्त एक पाना होता. मारणारा कण न उघडताही आत गेला असता. पण थर तसाच राहिला असता, आणि पुढच्या तेल्याला घर तयार मिळालं असतं.

०

पुढचं सोपं नव्हतं. माणकाठच्या पाच गावांनी टोळीला नको म्हणून कळवलं. कच्छच्या बागायतदाराने फोनवर सगळं ऐकून घेतलं, विचार करून कळवतो म्हणाला आणि कळवलं नाही. ज्या तीन बागांत तेल्या होता त्यांतली बाधित झाडं टोळीने स्वतः उपटून जाळली. मजुरीचा विषय एका मालकाने काढला तेव्हा मालनने ऐकू न आल्यासारखं केलं. तिसरी बाग अण्णांची होती. अण्णा धुरात उभे होते. ते मालनला म्हणाले की गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं. ती म्हणाली, कात्रीला कळलंच असतं की. अण्णांनी आपल्या दुसऱ्या बागेची छाटणी तिलाच दिली. उपकार केल्यासारखं त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. त्यांना बाग वाचवायची होती.

छाटणीच्या आदल्या दिवशी मालनच्या घरासमोर एक टमटम थांबली. जतची गौरव्वा उतरली. उंच, कपाळावर विभूती, काखेत फडक्याचं गाठोडं. ओसरीवर बसायच्या आधीच तिने गाठोडं सोडलं. कात्र्या होत्या.

"नाव आमचं घेतलं तवा बघायला कोण आलं नाही," ती म्हणाली. "आता मीच आलो. बघ अक्का."

मालनने तिला आधी चहा दिला. मग घोंगडी आणली आणि दोघी तिच्याखाली बसल्या. बाहेरून दोन गुडघे आणि एक हलणारा ढीग तेवढा दिसत होता. आतून मधूनमधून कानडी ऐकू येत होतं. मालनला कानडी येत नाही, पण ती हुंकार भरत होती.

बहुतेक कात्र्या अंधारात अंधारच राहिल्या. दोन उजळल्या. त्या दोन गौरव्वाने मालनचा पाना मागून तिथेच उघडल्या, घासल्या, आरोहीच्या दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात बुडवल्या. तिच्या टोळीत स्क्रू सोडायची बंदी कधीच नव्हती. पण सोडून बघायचं कुणाला सुचलंही नव्हतं, असं ती म्हणाली.

टोळीच्या एकवीस कात्र्या तोवर पुन्हा जोडून झाल्या होत्या. मालनने एकेक स्वतः आवळली होती, आणि प्रत्येकीला सांगितलं होतं की हा आता दर खंडेनवमीला सोडायचा, धुवायचा, मग भंडारा. राहिली होती ती एकटीची. मुकादमाचा स्क्रू मुकादमाने आवळायचा नसतो, मोठ्या कुणीतरी आवळायचा असतो, आणि तिच्याहून मोठं आता टोळीत कुणी नव्हतं. सुटी पाती आणि स्क्रू तिने फडक्यात बांधून ठेवले होते.

तिने ते फडकं गौरव्वापुढे ठेवलं.

गौरव्वाने विचारलं नाही, काय करू. पाती जुळवली, स्क्रू बसवला आणि अशा जोराने आवळला की मालनला वाटलं आता पुढच्या नवमीला हा सुटायचा नाही. मग गौरव्वाने आपल्या कपाळावरची थोडी विभूती बोटाला घेतली आणि स्क्रूला लावली. भंडारा घरात होता. मालनने तो आणला नाही.

सकाळी बावीस बायका अण्णांच्या बागेत शिरल्या. डब्यांचे आवाज येत होते. एका ओळीतून एक आवाज कमी आला, आणि मालनने छबूचं नाव घेतलं.

जिच्या नावाने ठराव व्हायचा होता त्या जतच्या टोळीने तेल्या येण्याआधी मेटकरवाडीत एकही झाड छाटलेलं नव्हतं.